वही मिटल्यावर काय होते?

शंका-समाधान : रोजनिशी, आत्मशोध आणि मनाचे आरोग्य

डिसेंबरात विकत घेतलेल्या डायऱ्या फेब्रुवारीत कपाटात जातात आणि त्याच सुमारास या सदराकडे रोजनिशीविषयीची पत्रे येऊ लागतात. स्वतःला ओळखावे, मन शांत व्हावे, साधनेत चार पावले पुढे जावे म्हणून लोक लिहायला बसतात. तसे झाले नाही की बहुतेक जण दोष स्वतःकडे घेतात. यंदाच्या पत्रांतून काही निवडक प्रश्न घेतले आहेत. सर्वांना एकच कसोटी लावली आहे : वही मिटल्यावर त्या माणसाची झोप, बोलणे आणि वागणे कसे आहे? पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी बँकेत नोकरीला आहे. दर जानेवारीत डायरी घेतो आणि 'सहाला उठलो, दूध आणलं, बँकेत गर्दी होती' याच्यापुढे पेन सरकत नाही. एका पुस्तकात वाचलं की रोज सकाळी तीन पानं लिहायलाच हवीत. तीन पानं सोडा, माझ्या तीन ओळी होत नाहीत. मला आतलं असं काही नाहीच का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्यात काही कमी नाही. तीन पानांची पद्धत ज्युलिया कॅमरून यांच्या 1992 च्या 'द आर्टिस्ट्स वे' या पुस्तकामुळे लोकप्रिय झाली. अडून बसलेल्या कलावंतांचे काम पुन्हा सुरू व्हावे, हा तिचा मुख्य हेतू होता. मानसशास्त्रात सर्वांत जास्त तपासली गेली ती पद्धत याहून बरीच आटोपशीर आहे. तिला अभिव्यक्त लेखन (मनाला लागलेली घटना भावनांसकट कागदावर मांडणे) म्हणतात. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस, रोज 15 मिनिटे लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी लिहून झाल्याझाल्या अधिक उदास होते, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यातल्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. अशा 146 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की फायदा होतो, पण सरासरीने तो लहान असतो. एवढ्या माफक औषधासाठी स्वतःला कोरडा ठरवण्याचे कारण नाही.

दिवसाचा गोषवारा सोडा आणि एकच प्रसंग घ्या. 'बँकेत गर्दी होती' याच्या आत काहीतरी घडलेले असते. समजा, तुम्ही असे लिहिले : 'पेन्शनच्या रांगेतल्या आजोबांची सही जुळेना. मी खेकसलो. ते काही बोलले नाहीत, फॉर्मची घडी करून खिशात ठेवली आणि निघून गेले. मी मान वर न करता शिक्के मारत राहिलो. कारण सकाळीच साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं.' या पाच वाक्यांत राग कुठून आला आणि कुणावर निघाला, दोन्ही सापडले. आजोबा पुढच्या महिन्यात आले की काय करायचे तेही तुम्हाला सुचेल. आठवड्यातून दोनदा एवढे लिहिलेत तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : वडिलांच्या घराच्या वाटणीवरून भावजयीशी माझं कडाक्याचं भांडण झालं. 'लिहून काढ, मोकळं वाटेल' असं मैत्रीण म्हणाली म्हणून रोज रात्री लिहिते. आता तिसरी वही चालू आहे. मोकळं वाटायचं राहिलं बाजूला, छातीत धडधडतं, लिहिता लिहिता जुनं काहीबाही आठवतं आणि रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. पण लिहिणं सोडलं तर सगळं आत साचून मला काहीतरी होईल, अशी भीती वाटते.
– एक गृहिणी, नागपूर

उत्तर : आधी भीतीविषयी. न लिहिलेला राग आत साचत जातो आणि एक दिवस शरीरावर उलटतो, या समजुतीला भक्कम आधार नाही. उलट, राग पुन्हापुन्हा उगाळल्याने तो वाढतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. तुमचे चालले आहे त्याला रुमिनेशन (एकच गोष्ट मनात चघळत राहणे) म्हणतात. हाती पेन असले म्हणून त्याचे चिंतन होत नाही. तेव्हा आज रात्रीपासून या विषयावरचे लेखन थांबवायला हरकत नाही. काही होणार नाही.

पुढे कधी लिहावेसे वाटले तर दिवसाउजेडी, घड्याळ लावून 15 मिनिटे, फक्त चार दिवस लिहा. अशा लेखनाचा फायदा कुणाला होतो हे पाहताना पेनेबेकर यांना आढळले की त्या लोकांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं' अशा अर्थाचे शब्द वाढत जातात. पहिल्या आणि चौथ्या दिवसाचे पान शेजारी ठेवून वाचा. चौथ्या पानावरही तेच आरोप त्याच क्रमाने असतील, तर विषय वहीचा राहिलेला नाही. तो घरातल्या जाणत्या माणसासमोर किंवा वकिलासमोर बसून सोडवण्याचा आहे. एखादा दिवस हाच प्रसंग भावजयीच्या बाजूने, 'मी' म्हणजे ती, असे धरून लिहून पाहा. तिचे बरोबर ठरवण्यासाठी हे करायचे नाही. आपली जागा जराशी हलावी, एवढ्यासाठी करायचे. रात्री लिहायचेच असेल तर उद्याच्या कामांची यादी लिहा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 57 तरुणांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे अशी यादी करणाऱ्यांना, झालेल्या कामांची नोंद करणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली.

धडधड आणि अपुरी झोप दोन आठवड्यांनंतरही राहिली, भूक गेली, कशातच मन लागेना, तर प्रथम फॅमिली डॉक्टरांकडून रक्तदाब आणि थायरॉइड तपासून घ्या. नंतर मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : आम्ही कॅथलिक. चर्चच्या रिट्रीटमध्ये रात्रीचं आत्मपरीक्षण लिहायला शिकवलं. सुरुवातीला छान वाटलं. आता मी दिवसभरातली पापं लिहिते, मग एखादं राहिलं का म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघते. वाईट विचार नुसता मनात आला तरी लिहिते. शब्द चुकला तर पान फाडून परत लिहिते. दोन तास जातात. न लिहिता झोपले तर देव माफ करणार नाही असं वाटतं. फादरना सांगितलं तर ते म्हणतात, पुरे कर. मला पुरे करता येत नाही.
– एक तरुणी, वसई

उत्तर : तुम्ही जे करता आहात ते थकवणारे आहे, आणि तुम्ही एकट्या नाही. तुम्हाला शिकवलेली पद्धत संत इग्नेशियस लॉयोला यांच्या परंपरेतली असावी. त्या आत्मपरीक्षणाची पहिली पायरी आभार मानण्याची आहे. चुकांचा विचार नंतर येतो आणि शेवट उद्याच्या संकल्पाने होतो. विशेष म्हणजे स्वतः इग्नेशियस यांनाही हा त्रास झाला होता. 1522 मध्ये त्यांनी आयुष्यभराच्या पापांची लेखी कबुली दिली. तरीही पुढे मानरेसा गावी राहत असताना काहीतरी सांगायचे राहिले, या शंकेने त्यांना पछाडले. जीव द्यावा असे वाटण्यापर्यंत मजल गेली. शेवटी जुनी पापे पुन्हा कबूल करायची नाहीत असे त्यांनी ठरवले, तेव्हा ते त्यातून बाहेर पडले. तुमचे फादर सांगतात ते त्याच अनुभवाला धरून आहे.

आजच्या वैद्यकात याला ओसीडी (मंत्रचळ, नको असलेला विचार आणि तो शमवण्यासाठी पुन्हापुन्हा केलेली कृती) म्हणतात. देवभक्त माणसात तो पापाच्या रूपाने येतो, दुसऱ्या कुणात हात धुण्याच्या. हिंदू घरांतही मी तो पाहतो : जपाच्या वहीत एक अक्षर बिघडले म्हणून अख्खे पान पुन्हा लिहिणारी माणसे आहेत. श्रद्धा खरी आहे. जाच आजाराचा आहे. मंत्रचळावर औषधे आहेत, आणि विचार आला तरी कृती न करता थांबायला टप्प्याटप्प्याने शिकवणारी उपचारपद्धतीही आहे. दोन्हींचा चांगला उपयोग होतो. मनोविकारतज्ज्ञांची वेळ या महिन्यात घ्या. तोवर आत्मपरीक्षण लिहू नका, मनातच पाच मिनिटे करा. फादरना ही परवानगी द्यायला सांगा, म्हणजे थांबण्याचा निर्णय तुम्हाला एकटीला पेलावा लागणार नाही.

प्रश्न : माझे यजमान पितात. मारत नाहीत, पण पगार उरत नाही आणि शिव्या रोजच्या. सत्संगात सांगितलं की रोज रात्री देवाचे आभार मानण्यासारख्या पाच गोष्टी लिही, घरातलं वातावरण बदलेल. आठ महिने लिहिते आहे. 'छप्पर आहे', 'मुलं निरोगी आहेत' हे लिहिताना आता हात जड होतो. माझी श्रद्धा कमी पडते का?
– एक वाचक, कराड परिसर

उत्तर : तुमची श्रद्धा कमी पडलेली नाही. कृतज्ञतेच्या नोंदींवर रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा 2003 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यातल्या एका प्रयोगात लोकांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या आणि ते आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी दिसले. पण त्यात लिहिणाऱ्याचे स्वतःचे मन बदलते. दुसऱ्याचे पिणे बदलावे, ही ताकद कोणत्याच वहीत नाही. जे चुकीचे चालले आहे त्यावर पांघरूण घालायला आभार वापरले की हात जड होतोच. तुमचा हात खरे बोलतो आहे.

उद्यापासून पान दोन भागांत करा. डावीकडे जे खरेच चांगले वाटले ते, एखादीच ओळ, आणि नसेल तर कोरे सोडा. उजवीकडे जे घडले ते तारखेसह : किती पैसे गेले, काय बोलणे झाले, मुले कुठे होती. हा उजवा रकाना पुढे समुपदेशकाला उपयोगी पडेल. दारूचे व्यसन हा उपचार करण्याजोगा आजार आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करते. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभाही अनेक शहरांत होतात. यजमान यायला तयार नसले तरी तुम्ही एकट्या जाऊ शकता. सततची शिवीगाळ आणि पैशाची कोंडी हेसुद्धा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हिंसाचारच आहेत. महिलांसाठी 181 हा मदतीचा क्रमांक आहे. जिवाला धोका वाटला तर 112.

प्रश्न : आमच्या ह्यांचं कापडाचं दुकान आहे, वय 41. महिन्यापूर्वी एका शिबिराहून आले ते रात्र रात्र लिहितच बसतात. म्हणतात, मी लिहीत नाही, वरून लिहून घेतलं जातं. जेमतेम दोन तास झोपतात तरी दमत नाहीत. भराभरा बोलतात, कुणाला मध्ये बोलू देत नाहीत. आता दुकान विकून आश्रम काढायचा म्हणतात. सासूबाई म्हणतात, घरात संत जन्मला, तू आडवी येऊ नकोस. मला त्यांची साधना मोडायची नाही, पण भीती वाटते.
– एक पत्नी, जळगाव जिल्हा

उत्तर : तुमची भीती योग्य आहे आणि तुम्ही लिहिलेत हे फार बरे केलेत. आपल्या हातून कुणी लिहून घेते, हा अनुभव अनेक भक्तांनी आणि कवींनी सांगितला आहे. त्या अनुभवाचा खरेखोटेपणा ठरवणे हे डॉक्टरचे काम नाही. डॉक्टर बाकीचे पाहतो : झोपेची गरज अचानक कमी होणे, न थांबणारे बोलणे, मोठमोठ्या योजना, पैशाचे घाईचे निर्णय आणि हे सगळे आधीच्या स्वभावाशी न जुळणारे. तुमच्या पत्रात ही सर्व लक्षणे आहेत. मेनिया (उन्माद, मन आणि शरीर प्रमाणाबाहेर चेतवले जाण्याचा आजार) असण्याची दाट शक्यता आहे. वयाच्या चाळिशीत पहिल्यांदाच असे झाले तर थायरॉइडचा विकार किंवा स्टिरॉइडसारखी औषधे हीसुद्धा कारणे असू शकतात. म्हणून तपासणी हवीच.

मनोविकारतज्ज्ञांची भेट याच आठवड्यात घ्या. पुढच्या महिन्यावर ढकलू नका. 'लिखाण थांबवा' असा वाद घालू नका, वह्या लपवू नका. 'तुम्हाला झोप नाही, त्याचं औषध घेऊ' एवढेच म्हणा. बहुतेक जण त्याला तयार होतात. घरातल्या जुन्या झोपेच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने देऊ नका. दुकानाचा व्यवहार लांबणीवर टाकायला थोरल्या दिरांची किंवा यजमानांच्या विश्वासातल्या मित्राची मदत घ्या. यजमान तपासणीला येतच नसतील तर टेली-मानस या शासकीय हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. अंगावर धावून जाणे, जेवणपाणी सोडणे, जीव देण्याची भाषा, यातले काहीही दिसले तर तडक जिल्हा रुग्णालय गाठा. सासूबाईंना सांगा की खरी साधना असेल तर ती आठ तास झोपल्यानंतरही टिकेल.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. तिचं टेबल आवरताना वही हाती लागली. मी वाचायला नको होती, पण वाचली. 'रोज उठून हे सगळं कशासाठी करायचं', 'मी नसते तर सगळ्यांचं बरं झालं असतं' असं चार-पाच ठिकाणी आहे. विचारलं तर ती वही वाचल्याबद्दल चिडेल. विचारलंच तर नको तो विचार डोक्यात घातल्यासारखं होईल का? माझे हातपाय गळाले आहेत.
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : तुमची दुसरी शंका आधी घेऊ, कारण ती अनेक आईवडिलांना गप्प बसवते. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, हे संशोधनाने वारंवार दाखवले आहे. उलट, कुणीतरी नाव घेऊन विचारले याचा बहुतेक मुलांना आधार वाटतो. म्हणून आजच विचारा. वही वाचल्याचे लपवू नका : 'टेबल आवरताना वही उघडली आणि मी वाचली. तुझं खाजगी होतं, तुला राग येणं बरोबर आहे. पण जे वाचलं त्यानं मला तुझी काळजी वाटते. जीव द्यावा असं मनात येतं का?' एवढे बोलून थांबा. ती रडली, चिडली, दार लावून घेतले, तरी लगेच समजूत घालू नका, अभ्यासाचा विषय काढू नका.

किशोरवयात 'कशासाठी जगायचं' हा प्रश्न अनेक मुले वहीत लिहितात आणि तेवढ्यावरून आजार ठरत नाही. पण 'मी नसते तर बरं' हे वाक्य पुन्हापुन्हा येणे मी हलक्यावारी घेणार नाही. तिला या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. तिने पद्धत ठरवली आहे, निरोपाची चिठ्ठी लिहिली आहे, आवडत्या वस्तू वाटून टाकते आहे, हाता-मांडीवर कापल्याच्या खुणा आहेत, असे काही कळले तर तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. घरातली कीटकनाशके आणि औषधे आजच कुलपात ठेवा. 14416 वर तुम्हीही बोलू शकता, तीही. वही तिला परत द्या आणि पुन्हा उघडणार नाही असा शब्द द्या. लिहिणे बंद करायला मात्र सांगू नका.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी पत्नी गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिला पत्र लिहितो : गॅसचा नंबर लावला, नातवाला दात आला, तुझी तुळस सुकली होती ती पुन्हा फुटली. मुलाच्या हाती वही पडली. तो म्हणतो, बाबा, हे नॉर्मल नाही, डॉक्टरांना दाखवू. मला वेड लागलं आहे का?
– एक निवृत्त शिक्षक, डोंबिवली

उत्तर : नाही. ती हयात नाही हे तुम्ही पुरते जाणता आणि तरी तिच्याशी बोलता. यात वेड नाही. तुमच्या पत्रांतला मजकूर पाहा : गॅस, नातू, तुळस. तुमचे लक्ष आजच्या घरावर आहे. मुलाला या चार ओळी वाचून दाखवा. त्याची काळजी प्रेमापोटीच आहे.

शोक वर्षभरात संपलाच पाहिजे असे नाही. मात्र वर्ष उलटूनही दिवसाचा बहुतेक वेळ त्यातच जात असेल, तिच्या खोलीत पाऊल ठेवता येत नसेल, माणसे टाळावीशी वाटत असतील, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर त्याला दीर्घकालीन शोकविकार (रेंगाळून रोजचे जगणे अडवणारे दुःख) म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या पत्रावरून तसे दिसत नाही. यातले काही असेल तर जरूर भेटा.

प्रश्न : लग्नाला वर्ष झालं. एकत्र कुटुंब, दोन खोल्या. लिहावंसं फार वाटतं, पण वही ठेवू कुठे? कुणी वाचली तर महाभारत होईल. मोबाइलही घरात सगळेच हाताळतात.
– एक नवविवाहिता, इचलकरंजी

उत्तर : लिहिलेले जपून ठेवलेच पाहिजे, असा नियम नाही. फायदा लिहिण्यात आहे, साठवण्यात नाही. पाठकोऱ्या कागदावर लिहा, एकदा वाचा आणि फाडून टाका. जे आठवणीत राहायला हवे ते राहते. कुणी वाचेल या धास्तीने गुळगुळीत केलेले लिखाण मात्र फारसे कामाचे नसते. लिहिण्याचीच चोरी वाटत असेल, घरात तुमच्यावर सतत पाळत असेल, तर प्रश्न वहीचा नाही. तो यजमानांशी, आणि जमल्यास दोघांनी मिळून समुपदेशकांशी बोलण्याचा आहे.

प्रश्न : माझी आई शाळेत गेलेली नाही. बाबा गेल्यापासून घुम्यासारखी बसते. मी तुमचं सदर वाचून दाखवते. परवा म्हणाली, 'लिहिता येतं त्यांचं बरं आहे, आमचं कुठं जायचं?' तिला काय सांगू?
– एक अंगणवाडी सेविका, बीड जिल्हा

उत्तर : त्यांना सांगा की लिहिता न येणाऱ्या बायांनी महाराष्ट्रात जेवढे स्वतःविषयी सांगितले आहे तेवढे क्वचितच कुठे असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर, सासर, भाऊ, मूल, मरण, विठ्ठल सगळे आहे. पहाटेच्या अंधारात, कुणी टोकणार नाही अशा वेळी, बाई आपले मन स्वतःला ऐकवत होती. वैद्यकाच्या दृष्टीनेही बोलणे कमी प्रतीचे नाही : लिहिण्याऐवजी बोलून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनाही तसाच उपयोग झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. आईला येत असलेल्या ओव्या विचारा, फोनवर रेकॉर्ड करा. जुन्या ओव्या म्हणता म्हणता स्वतःची एखादी जोडली जाईल.

पण 'घुम्यासारखी बसते' हे नुसत्या ओव्यांवर सोडू नका. जेवण, झोप, आंघोळ यांत फरक पडला असेल, वजन उतरले असेल, नावे किंवा घरातल्या वस्तूंच्या जागा विसरत असतील, तर ते उतारवयातले नैराश्य किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथे एकदा दाखवा.

प्रश्न : इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. तिथे वही-पेन बाहेर ठेवायला लावलं. तुम्ही लिहायला सांगता. दोन्हीत खरं कोणतं? आणि गेली सहा वर्षं लिहितो आहे, वहीत तेच राग आणि तेच संकल्प दिसतात. प्रगती होते की नाही, ओळखायचं कसं?
– एक साधक, नाशिक

उत्तर : दोन्हीत विरोध नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातल्या शिबिरात शरीरावरच्या संवेदना घडत असताना पाहायच्या असतात. लिहू लागले की मन त्या अनुभवाची गोष्ट रचू लागते. म्हणून शिबिरापुरता वाचन-लेखनाचा निषेध आहे. घरी आल्यावर, रोजच्या व्यवहारात आपण कुठे तोल सोडतो हे पाहण्यासाठी वही उपयोगी पडते. एक सूचना सर्वच साधकांसाठी : मानसिक आजाराची औषधे चालू असतील तर शिबिराच्या अर्जात ते स्पष्ट लिहा आणि शिबिरासाठी औषधे आपणहून बंद करू नका.

तेच संकल्प पुन्हा लिहावे लागतात याचे वाईट वाटून घेऊ नका. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याने स्वतःसाठी केलेल्या ग्रीक टिपणांत चिडू नये, मरण विसरू नये, हेच तो वर्षानुवर्षे स्वतःला बजावताना दिसतो. समर्थांनाही मनाशी बोलायला 205 श्लोक लागले. प्रगती वहीत शोधू नका. राग आल्यापासून तो आपल्या लक्षात येईपर्यंत पूर्वी दोन दिवस जात होते, आता दोन तास जातात का? चूक झाल्यावर हाताखालच्या माणसाची माफी मागता येते का? हे घरच्यांना विचारा. त्यांचे उत्तर तुमच्या वहीपेक्षा भरवशाचे असेल.

प्रश्न : वय 66. तीस वर्षांच्या डायऱ्या आहेत. परवा सहज चाळल्या. दहा वर्षांपूर्वीचं अक्षर टपोरं आहे. गेल्या दोन वर्षांत ओळीची सुरुवात ठीक, पण शेवटाकडे अक्षर मुंगीएवढं होतं. मला ते जाणवलंही नव्हतं. बायको म्हणते, मन आकसलं की अक्षर आकसतं. माझ्या मनाला काही झालं आहे का?
– एक निवृत्त अभियंता, पुणे

उत्तर : अक्षरावरून स्वभाव किंवा मनःस्थिती ओळखण्याच्या विद्येला शास्त्राचा आधार नाही, त्यामुळे मनाची चिंता तूर्त बाजूला ठेवा. पण तुम्ही जे पाहिलेत ते वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे आहे. ओळीगणिक अक्षर बारीक होत जाण्याला मायक्रोग्राफिया (नकळत अक्षर लहान होणे) म्हणतात आणि ते पार्किन्सन्स या आजाराचे एक सुरुवातीचे लक्षण असू शकते. चालताना एक हात कमी हलणे, शर्टाची बटणे लावायला वेळ लागणे, वास कमी येणे, जुनी बद्धकोष्ठता, आवाज बारीक होणे, यांपैकी काही आहे का ते पाहा. हात थरथरलाच पाहिजे असे नाही.

घाबरून जाऊ नका. चष्म्याचा बदललेला नंबर, बोटांचा संधिवात हीसुद्धा कारणे असतात. चक्कर किंवा उलटीवरची काही औषधे आणि मानसिक आजारावरची काही औषधे यांनीही असे होते आणि ती बंद केल्यावर बहुधा सुधारते. मात्र ती आपल्या मनाने बंद करू नका. सगळ्या औषधांची यादी करून न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. पार्किन्सन्स निघालाच तर तो मुळापासून बरा करणारे औषध आज नाही, पण लक्षणे ताब्यात ठेवणारी औषधे आणि व्यायाम आहेत, आणि लवकर सुरुवात केलेली चांगली. जाताना दर दोन वर्षांतली एकेक, अशा पाच-सहा डायऱ्या बरोबर घ्या. मजकूर दाखवायचा नसेल तर एखादे हिशेबाचे पान उघडा. बदल नेमका केव्हा सुरू झाला, या प्रश्नाला बहुतेक रुग्ण अंदाजाने उत्तर देतात. तुमच्याकडे ते तारखेनिशी लिहिलेले आहे.